टीव्हीचं चित्र अचूक कसं लावायचं? अंधाऱ्या दृश्यांत अडलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करून ‘सिनेमा’ लावला, कलर टेम्परेचर ‘वॉर्म’ केलं. पहिले दोन दिवस सगळं पिवळट वाटलं, पण पांढऱ्या रंगाचं ठरलेलं मानक ६५०० केल्व्हिनच्या आसपास आहे, म्हणून तसंच ठेवलं. आता डोळे सरावलेत आणि चेहऱ्यांची कातडी खरी दिसते. शार्पनेस जवळपास शून्यावर आणला, मोशन स्मूदिंगही (हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारी सोय) बंद.

अडलंय ते अंधाऱ्या दृश्यांत. काळे कपडे, केस, सावल्या यांचा एकच गोळा होतो. ब्राइटनेस वाढवला तर काळा रंग राखाडी होतो. (बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, वेगळा आहे, त्याला हात लावलेला नाही.) गॅमा (काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा किती गडद दिसतील ते ठरवणारी सेटिंग) सध्या २.४ वर आहे. खोलीत संध्याकाळी एक दिवा चालू असतो, मग २.२ योग्य ठरेल का? की एचडीएमआयची (बॉक्स टीव्हीला जोडणाऱ्या केबलची) ब्लॅक लेव्हल, म्हणजे कुठला आकडा पूर्ण काळा धरायचा ती सेटिंग, चुकली असेल? सेट टॉप बॉक्स काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे १६ ते २३५ असे पाठवत असेल आणि टीव्ही ० ते २५५ धरत असेल तर काळा उलट फिकट दिसायला हवा ना? माझ्याकडे नेमकं उलट होतंय.

मापक यंत्र नाही, फक्त चाचणी चित्रं आहेत. आधी काय तपासू? कुणी हे निस्तरलं असेल तर क्रमाने सांगा, प्लीज.