अनुभव धागा: फ्रोझन पिझ्झा घरी चवदार कसा करता?

पार्लेकरीण
शुक्रवारी रात्री आमच्याकडे फ्रोझन पिझ्झा ठरलेला. चर्चगेटहून लोकलने उभ्याने आल्यावर त्या दिवशी पोळ्या लाटायच्या नाहीत, हा माझा नियम. पण पाकिटावर लिहिल्याबरहुकूम सगळं करूनही वर्षभर आम्ही तो मधे ओला आणि कडेला चामट असाच खाल्ला. लेक कडा ताटात ठेवून उठायची, त्याचं फार वाईट वाटायचं.

सगळी भानगड पाण्याची आहे. बेसमध्ये ओल आहे तोवर तो १०० अंशांच्या वर तापतच नाही, आणि खरपूस रंग यायला १४०-१५० तरी लागतात. म्हणून आता सासूबाईंचा बिडाचा तवा ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, पालथा ठेवते, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू करून २३० अंशांवर अर्धा तास तापवते. पिझ्झा फ्रीजरमधून थेट तव्यावर. त्याआधी वरचा बर्फाचा भुगा कोरड्या फडक्याने झटकायचा आणि कडेला बोटाने तेल फिरवायचं. आठव्या मिनिटापासून मी काचेसमोरून हलत नाही. चीजवर तपकिरी ठिपके आले की बाहेर, आणि लगेच जाळीवर. ताटात ठेवला तर खाली वाफ धरते आणि केलेलं सगळं वाया जातं.

तुम्ही काय करता? ओव्हन नसलेल्यांनी तर नक्की लिहा.

लालबागचा
ताई, आमच्या खोलीत ओटीजीला जागाच नाही. गॅसवर करतो. तव्यावर मात्र फ्रीजरमधून थेट टाकू नका; खालून करपतो आणि मधे गारच राहतो. वीस मिनिटं जाळीवर बाहेर ठेवतो. जाड तवा, आच मंद, आणि पहिली चार मिनिटं झाकण नाही. उलथन्याने कड उचलून बघायची, खालून भाकरीसारखे डाग पडले की तव्याच्या कडेला चमचाभर पाणी सोडून झाकण. त्या वाफेने दोन मिनिटांत चीज वितळतं. झाकण काढताना त्याचं पाणी पिझ्झ्यावर ठिबकू द्यायचं नाही, म्हणून मी झाकणाला आतून फडकं बांधतो, मोदकाला बांधतात तसं.

पार्लेकरीण
फडक्याची युक्ती किती छान! पाणी नको म्हणत होते मी, पण खालून कोरडं आणि वरून वाफ, हे पटलं.

मुलुंडची मावशी
वर काय घालता यावर बरंच आहे. कच्ची सिमला मिरची, मश्रूम, टोमॅटो हे सगळं पाणी सोडतं. कांदा-सिमला मिरची मोठ्या आचेवर कोरडी परतून घ्या, टोमॅटोच्या बिया काढा. चीज आणखी घालायचं तर मोझरेला घ्या. प्रोसेस्ड चीज वितळतं पण त्याला तार सुटत नाही. सॉस गोड वाटतो अशी आमच्या ह्यांची कायम तक्रार, म्हणून मी चीजखाली लसणाचा हिरवा ठेचा ठिपक्याठिपक्यांनी लावते. सगळीकडे फासू नका, तोंड पोळेल.

सोडेप्रेमी, दादर
सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी! कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवायचे, घट्ट पिळायचे, ठेचलेला लसूण आणि लाल तिखटावर कडक परतायचे आणि शेवटची तीन मिनिटं राहिली की पिझ्झ्यावर पेरायचे. मीठ घालू नका, सॉस आणि चीज दोन्ही खारट असतात. आईने पहिल्यांदा नाक मुरडलं होतं, आता गावाहून सोडे आले की तीच विचारते, पिझ्झा आणलास का?

गॅलरीतली बाग
बेसिल विकत आणू नका. फालुद्यात घालतो तो सब्जा कुंडीत पेरा, तेच बेसिलचं बी. माझ्या बोरिवलीच्या खिडकीत आठवड्याच्या आत उगवला. पानं पिझ्झा बाहेर काढल्यावर हाताने तोडून टाकायची, आत घातली तर काळी पडतात. देव्हाऱ्यापुढची तुळस वेगळी, तिचा वास लवंगेकडे जातो.

रात्रपाळी
फक्त मायक्रोवेव्ह असेल तर? मी दोन मिनिटं त्यात देतो आणि मग तव्यावर कुरकुरीत करतो. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये रबर होतो.

चेंबूरकर
एक विकत घेतानाची गोष्ट. मे महिन्यात जवळच्या दुकानातून आणलेल्या पाकिटात चीज सगळं एका बाजूला गोठलेलं आणि आत बर्फाचा थर. म्हणजे मधे कधीतरी वितळून पुन्हा गोठलेला. मी तो परत केला. पाकीट हलवून बघा, आत बर्फ खडखडला तर घेऊ नका. आणि खरेदीत सगळ्यात शेवटी घ्या, वर्तमानपत्रात गुंडाळून.

पार्लेकरीण
सब्जा आजच पेरला. लालबागचे दादा, झाकणाला मलमलचं फडकं बांधता की साधं पंचाचं?

लालबागचा
पंचाचं. गाठ वर, झाकणाच्या मुठीवर घ्या, नाहीतर टोक गॅसवर जाईल.