शब्दचर्चा : रशियन कादंबऱ्यांतलं विवाहबाह्य प्रेम – ‘व्यभिचार’, ‘संबंध’ की ‘प्रतारणा’? आणि ‘सुख’ म्हणजे कोणतं?

प्रश्न

एकोणिसाव्या शतकातल्या रशियन कथा-कादंबऱ्यांची मराठीतून ओळख करून देणारे लेख वाचले की एक वाक्य हमखास भेटतं : ‘व्यभिचारातून अखेर दुःखच पदरी पडतं.’ टॉलस्टॉयच्या ‘आन्ना कारेनिना’बद्दल हेच लिहितात आणि चेकॉव्हच्या कुत्रेवाल्या बाईच्या कथेबद्दलही हेच. मूळ रशियनमध्ये या सगळ्याला एकच शब्द आहे का? आणि आपले ‘सुख’ नि ‘दुःख’ तिथे नीट बसतात का? जाणकारांनी उदाहरणांसह सांगावं.

प्रतिसाद १

एक नाही, निदान चार शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

पहिला, ‘प्रेल्युबोदेयानिये’. हा बायबलच्या दहा आज्ञांमधला आणि कोर्टकचेरीच्या कागदांवरचा शब्द, चारचौघांच्या गप्पांत सहसा येत नाही. ‘आन्ना कारेनिना’च्या चौथ्या भागात आन्नाचा नवरा कारेनिन घटस्फोटासाठी वकिलाकडे जातो. वकील कायद्यातली कारणं मोजून दाखवतो : जोडीदाराचं शारीरिक वैगुण्य, पाच वर्षं ठावठिकाणा नसणं आणि प्रेल्युबोदेयानिये. हा शब्द त्याने उघड उघड चवीने उच्चारला, असं टॉलस्टॉय तिथेच कंसात नोंदवतो. इथे आपला ‘व्यभिचार’ अगदी चपखल.

दुसरा, ‘इझ्मेना’. याच्या क्रियापदाचा एक अर्थ बदलणं आणि दुसरा दगा देणं. देशाशी केलेल्या द्रोहालाही हाच शब्द लागतो. मराठीत ‘तो शब्दाला फिरला’ म्हणतो त्यातला ‘फिरणं’ याच्या जवळ जातो. नवरा-बायकोच्या संदर्भात ‘प्रतारणा’ लिहावं. यात इजा झालेला माणूस समोर उभा असतो, आणि ‘व्यभिचार’ म्हटलं की तोच दिसेनासा होतो.

तिसरा, ‘स्व्याझ’. ‘स’ म्हणजे सह आणि पुढे बांधण्याचा धातू, म्हणजे घडणीनेही आपला ‘संबंध’च. कादंबरीच्या सुरुवातीलाच आन्नाचा भाऊ स्तिवा ओब्लोन्स्की याचं घरच्या माजी फ्रेंच गव्हर्नेसशी जे प्रकरण उघडकीला येतं, त्याला निवेदक हाच शब्द वापरतो. आन्नाचा प्रियकर व्ह्रोन्स्की, त्याच्या आईला तर मुलाची ‘स्व्याझ’ सुरुवातीला पसंतच असते. उमद्या तरुणाला शेवटची झिलई चढते ती वरच्या वर्तुळातल्या अशा संबंधाने, असं तिचं मत. हे प्रकरण तसलं हलकंफुलकं नाही, हे कळल्यावर मात्र ती बिथरते.

तिथे येतो चौथा शब्द, ‘स्त्रास्त्य’. तिच्या कानावर येतं की ही गटेच्या कादंबरीतल्या प्रेमवेड्या तरुण वेर्थरसारखी, जीवावर उदार झालेली ‘स्त्रास्त्य’ आहे. सोसण्याचा, यातना भोगण्याचा जो रशियन शब्द आहे त्याच मुळातून हा आला. येशूच्या क्रूसावरच्या यातनांनाही हाच शब्द, अनेकवचनात. ‘वासना’ लिहिलं की यातलं सोसणं गळून पडतं. ‘आसक्ती’ बरा.

प्रतिसाद २

स्तिवासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे : बाहेरख्याली. बायको, मुलं, नोकरी, जेवणाच्या मेजवान्या सगळं जागच्या जागी ठेवून वर बाहेरचे छंद. आन्नाला हा शब्द लावून पाहा, लागत नाही.

‘व्यभिचार’बद्दल थोडं. वि + अभि + चर्, म्हणजे नेमल्या वाटेवरून आडबाजूला जाणं. न्यायशास्त्रात (म्हणजे तर्कशास्त्रात) दिलेलं कारण, हेतू, हे सिद्ध करायची गोष्ट, साध्य, नसते तिथेही आढळलं तर तो ‘सव्यभिचार’. भरताच्या नाट्यशास्त्रात ३३ व्यभिचारी भाव सांगितलेत, स्थायी भावाच्या आश्रयाने येणारे आणि जाणारे. त्या जुन्या अर्थाने पाहिलं तर स्तिवाची प्रकरणं व्यभिचारी आहेत, येतात नि जातात. आन्नाचं प्रेम हा तिचा स्थायी भाव होऊन बसतो आणि तिच्या साऱ्या हालांचं मूळ तिथे आहे. आजच्या मराठीत मात्र हा शब्द थेट निवाडा देतो. पुस्तकाची ओळख करून देणाऱ्याने पहिल्याच ओळीत निवाडा दिला तर वाचकाला पुढची आठशे पानं वाचायचं कारण उरत नाही.

प्रतिसाद ३

आता ‘सुख’. रशियन शब्द ‘श्चास्त्ये’. त्याच्या पोटात ‘चास्त्य’ आहे, म्हणजे वाटा, हिस्सा. चांगला वाटा मिळणं म्हणजे श्चास्त्ये. आपल्या ‘भाग्य’मध्येही ‘भाग’ आहेच, आणि ‘सुख वाट्याला येणं’ हा आपला रोजचा प्रयोग. म्हणून श्चास्त्ये हा सुख आणि भाग्य यांच्या मधला शब्द आहे. त्याचा उलट शब्द ‘नेश्चास्त्ये’ : दुःख तर खरंच, शिवाय दुर्दैव, अपघात, घाला. ही दुसरी बाजू सुटली की सगळं कर्माचं फळ वाटायला लागतं.

पुश्किनच्या ‘येव्गेनी ओनेगिन’च्या आठव्या प्रकरणात तात्याना म्हणते की श्चास्त्ये इतकं शक्य होतं, इतकं जवळ होतं, पण मला दुसऱ्याला दिलेलं आहे आणि मी जन्मभर त्याच्याशी एकनिष्ठ राहीन. त्याच काव्यात दुसऱ्या प्रकरणात, तिच्या आईबद्दल : सवय ही आपल्याला वरून मिळालेली देणगी, ती श्चास्त्येची जागा भरून काढते. लग्न आणि श्चास्त्ये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे रशियन साहित्याने इथेच मांडून ठेवलं. पुढचे लेखक याच मांडणीवर वाद घालतात.

टॉलस्टॉयने हा शब्द कसा फिरवलाय ते जवळून बघण्यासारखं आहे. दुसऱ्या भागाचं अकरावं प्रकरण. व्ह्रोन्स्कीची जवळजवळ वर्षभराची इच्छा नुकतीच पुरी झालीय. आन्नासाठी हेच श्चास्त्येचं अशक्य, भयंकर आणि म्हणूनच अधिक मोहक स्वप्न होतं. तो तिच्यापुढे उभा आहे, आणि आपण ज्याचा जीव घेतला ते प्रेत पाहणाऱ्या खुन्यासारखी त्याची अवस्था झाल्याचं लेखक सांगतो. अशात तो ‘या श्चास्त्येच्या एका क्षणासाठी’ असं काहीतरी बोलू लागतो. ती किळस आणि भीतीने म्हणते, ‘कसलं श्चास्त्ये!’ आणि एक शब्दही पुढे बोलू नकोस म्हणून सांगते. इथे ‘कसलं सुख!’ केलं की वाक्य चालतं, पण ‘सुख’ला मराठीत शरीरसुखाची छटा चटकन चिकटते आणि तिचा नकार तेवढ्यापुरता वाटतो. ती नाकारते आहे तो आयुष्याचा वाटा, व्ह्रोन्स्कीने आपल्या हाती लागला असं धरलेला. मी इथे ‘भाग्य कसलं!’ करेन.

पाचव्या भागात दोघं इटलीत आहेत. मुलगा, अब्रू, सगळं मागे टाकून आलेली आन्ना स्वतःला ‘अक्षम्य’ इतकी सुखी समजते. टॉलस्टॉयचाच शब्द : क्षमा करता येणार नाही इतकी सुखी. याच प्रकरणात व्ह्रोन्स्कीला कळतं की ज्या श्चास्त्येच्या डोंगराची वाट पाहिली, त्यातला वाळूचा एक कण तेवढा हाती आला. आणि मग त्याच्या मनात ‘तोस्का’ उगवते. तोस्का म्हणजे आपली हुरहूर, पण रिकाम्या हातांची. लेखक तिला ‘इच्छांची इच्छा’ म्हणतो. तेव्हा ‘सुख की दुःख’ याचं उत्तर एकाच पानावर, एकाच घरात दोघांसाठी वेगळं आहे. ‘अखेर दुःखच’ या वाक्याने हे पान पुसून टाकलं जातं आणि ते मला मान्य नाही.

प्रश्नकर्त्याकडून

तुमचं पटतंय. पण मग आन्ना आगगाडीखाली जीव देते तो शेवट? आणि कादंबरीच्या माथ्यावर तर सूड घेणं माझ्याकडे आहे, मीच फेड करीन, असं बायबलचं वचन आहे. ती देवाची शिक्षाच नव्हे का?

प्रतिसाद ४

वचन रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातलं आहे आणि तिथे ते माणसांना उद्देशून आहे : तुम्ही सूड घेऊ नका, ते काम माझं. पाचव्या भागात ऑपेराच्या थिएटरात शेजारच्या कक्षातली बाई आन्नाजवळ बसणं अपमानाचं आहे असं म्हणून उठून जाते, तेव्हा नेमकं हे वचन मोडलं जातंय.

शेवटाकडे नेणारी यंत्रणा दैवी नाही, कायद्याची आहे, आणि ती कळल्याशिवाय ‘दुःख’ हा शब्द पोकळ राहतो. ऑर्थोडॉक्स रशियात विवाह आणि घटस्फोट चर्चच्या हाती होते. व्यभिचार शाबीत करायला पत्रं पुरत नसत, डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार लागत. अशा खटल्यांत धर्मगुरूंना बारीकसारीक तपशिलांची फार हौस असते, हेही तो वकील सांगतो. आणि सगळ्यात जाचक भाग : दोषी ठरलेल्याला पुन्हा लग्नाची मनाई. ही मनाई १९०४ मध्ये उठली. टॉलस्टॉयची कादंबरी मासिकातून आली १८७५ ते १८७७ मध्ये.

आता मांडून पाहा. आन्ना दोषी ठरली तर घटस्फोट मिळूनही ती व्ह्रोन्स्कीशी लग्न करू शकत नाही. कारेनिनने दोष स्वतःवर घ्यायचा तर खोटा पुरावा उभा करावा लागणार. चौथ्या भागाच्या अखेरीस तो त्यालाही तयार होतो, पण त्याचं ते औदार्य तिला सोसत नाही आणि ती घटस्फोट न घेताच निघून जाते. पुढे तिला तो हवासा होतो तेव्हा कारेनिन धर्मवेडी मैत्रीण काउंटेस लिडिया आणि समाधीत जाऊन कौल देणारा तिचा एक फ्रेंच माणूस यांच्या कह्यात गेलेला असतो. घर सोडण्याआधीच जन्मलेली मुलगी व्ह्रोन्स्कीची, पण कायद्याने कारेनिना. सहाव्या भागात व्ह्रोन्स्की स्तिवाच्या बायकोला, डॉलीला, हेच सांगतो : माझी मुलगी कायद्याने माझी नाही, पुढे मुलगा झाला तरी तोही कारेनिनच. तो क्लबात, निवडणुकीला, आईकडे जाऊ शकतो, ती घराबाहेर पडू शकत नाही. संशय, अफू, भांडणं हे सगळं या कोंडीत वाढतं. स्तिवाला यातलं काही भोगावं लागत नाही, कारण त्याने ‘स्व्याझ’ ठेवली, घर सोडलं नाही.

प्रतिसाद ५

लेस्कोव्हची ‘म्त्सेन्स्क जिल्ह्यातली लेडी मॅकबेथ’ (१८६५) या चर्चेत हवी. तिथे किल्लीचा शब्द ‘स्कूका’. ‘कंटाळा’ म्हटलं तर फार हलकं होतं. व्यापाऱ्याच्या बंद वाड्यातली ही स्कूका अशी की तिच्यापायी गळफास घेणंसुद्धा मौजेचं वाटावं, असं लेस्कोव्ह म्हणतो. ‘जीव उबगणं’ चालेल. नवरा पन्नाशी उलटलेला, मूल नाही. नायिका कातेरिना सासऱ्याला अळंब्यांतून उंदराचं विष घालते, मग नवरा, मग वारस ठरलेला लहान पोर. प्रियकर सेर्गेईसोबत कैदी म्हणून सैबेरियाच्या वाटेला लागते तेव्हा लेखक लिहितो की त्याच्या सोबतीने तिला कैद्यांची वाटही श्चास्त्येने फुललेली वाटते. हाच शब्द, बेड्यांच्या खणखणाटात! सेर्गेई पाय दुखतात म्हणून तिचे निळे लोकरी मोजे मागून घेतो आणि दुसऱ्या दिवशी ते सोनेत्का या दुसऱ्या कैदी बाईच्या पायांत दिसतात. तिला मोडते ती ‘इझ्मेना’, आणि इथे फसवली गेलेली ती स्वतः आहे.

प्रतिसाद ६

सुखान्त उदाहरण कुणीच घेतलं नाही. चेर्निशेव्स्कीने तुरुंगात लिहिलेली ‘काय करावं?’ (१८६३). वेरा पाव्लोव्हना किर्सानोव्हवर प्रेम करते हे ओळखून नवरा लोपुखोव्ह पुलावर आत्महत्येचा बनाव रचतो, गोळीने भोक पडलेली टोपी मागे राहते. वेरा विधवा ठरते, लग्न करते, सुखी होते. लोपुखोव्ह अमेरिकन नाव घेऊन परततो, त्याचंही लग्न होतं आणि दोन्ही जोडपी शेजार करतात. कायद्याने हा गुन्हा आहे, पण यात ‘इझ्मेना’ कुठेच नाही, कारण कुणी कुणाला फसवलेलं नाही. टॉलस्टॉयने १९०० च्या सुमारास ‘जिवंत प्रेत’ या नाटकात हाच बनाव घेतला. तिथे तो उघडा पडतो, दुहेरी विवाहाचा खटला उभा राहतो आणि बनाव रचणारा नवरा फेद्या स्वतःला गोळी घालतो. बायकोच्या दुसऱ्या नवऱ्याचं आडनाव तिथेही कारेनिनच.

प्रतिसाद ७

चेकॉव्ह राहिला. कुत्रेवाल्या बाईच्या १८९९ च्या त्या कथेत ती बाई, आन्ना सेर्गेयेव्हना, थिएटरच्या जिन्यात म्हणते की मी कधीच सुखी नव्हते, आता दुःखी आहे आणि कधीच, कधीच सुखी होणार नाही. वाक्यात श्चास्त्येचीच रूपं तीनदा येतात, तेव्हा मराठीतही एकच शब्द धरून ठेवावा, ‘आनंदी’, ‘समाधानी’ असे पर्याय घालून विटवू नये. पुढे ती दर दोन-तीन महिन्यांनी मॉस्कोत येते, स्लाव्यान्स्की बाझार हॉटेलात उतरते आणि लाल टोपीवाल्याच्या हाती प्रियकर गूरोव्हला निरोप धाडते. तो मुलीला शाळेपर्यंत सोडताना, तापमान शून्याच्या वर तीन अंश असूनही बर्फ का पडतोय हे समजावतो, आणि तिथून तिच्याकडे जातो. इथे मरण नाही, शिक्षा नाही, सोडवणूकही नाही. सर्वात गुंतागुंतीचं आणि अवघड ते आत्ता कुठे सुरू होतंय, या वाक्यावर कथा थांबते. तिला ‘अखेर दुःखच’ लिहिणं हे सरळसरळ चुकीचं वाचन आहे.

त्याआधीच्या वर्षी ‘प्रेमाविषयी’ या कथेत अल्योखिन आणि लुगानोविचची बायको वर्षानुवर्षं एकमेकांवर प्रेम करतात आणि बोलत नाहीत. ती कायमची निघते त्या दिवशी, गाडीच्या डब्यात, त्याला उमगतं : प्रेमाचा विचार करायचाच तर रूढ अर्थाच्या सुख-दुःखापेक्षा, पाप-पुण्यापेक्षा वरच्या, मोठ्या कशापासून तरी सुरू करावा, नाहीतर विचारच करू नये. ‘रूढ अर्थाच्या’ हे विशेषण मूळातच आहे, भाषांतरात ते गाळू नका.

लेखात लिहिताना माझी निवड अशी : स्तिवाला ‘बाहेरख्यालीपणा’, वकिलाच्या तोंडी ‘व्यभिचार’, डॉलीच्या आणि कातेरिनाच्या जखमेला ‘प्रतारणा’, व्ह्रोन्स्कीच्या आईला ‘संबंध’. आन्ना, गूरोव्ह, अल्योखिन यांच्यासाठी साधं ‘प्रेम’ लिहावं, कारण लेखकांनीही तेच लिहिलंय.