पतसंस्थेचा डेटा हलवायचाय: सभासद, कर्ज, जामीनदार यांची रिलेशन कशी लावू?

रामबागकर:
इंदूरच्या एका मराठी पतसंस्थेचा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधला डेटा पोस्टग्रेस या नव्या डेटाबेसमध्ये न्यायचं काम घेतलंय. कर्जाच्या टेबलात सभासद क्रमांक आहे, शिवाय जामीन१, जामीन२ असे दोन रकाने. त्यांत कुठे क्रमांक, कुठे नुसतं 'सौ. काळे, रामबाग'. वर सभासद वारला की त्याचाच क्रमांक वारसाला द्यायची पद्धत! वडिलांचं फिटलेलं कर्ज मुलाच्या नावावर दिसतंय. सुरुवात कुठून करू?

जुना फॉक्सवाला:
आधी डीबीएफ फाइल (फॉक्सप्रोचं टेबल जिच्यात असतं ती) तपासा. फॉक्सप्रोत डिलीट केलेलं रेकॉर्ड 'पॅक' कमांड देऊन फाइल साफ करेपर्यंत फाइलीतच पडून असतं, नुसती खूण लागते. एक्स्पोर्ट करताना ती खूण पाहिली नाही तर बंद झालेली खाती पुन्हा हजर.

सभासद क्रमांकाला प्रायमरी की (रेकॉर्डची एकमेव ओळख) करू नका. माणशी एक नवा आयडी द्या. जुना क्रमांक वेगळ्या टेबलात, कधीपासून कधीपर्यंत कोणाकडे होता त्या तारखांसकट. कर्जाची तारीख ज्याच्या काळात पडेल, कर्ज त्याचं. वारस नोंदीच्या तारखा प्रोसिडिंग बुकात (सभांच्या इतिवृत्तात) सापडतील.

जामीन१, जामीन२ मोडीत काढा. कर्ज आणि व्यक्ती यांना जोडणारं मधलं टेबल करा. एक माणूस किती जणांना जामीन राहिलाय हे संचालकांना हमखास हवं असतं, ते मग एका क्वेरीत निघतं.

कोडकरी:
फॉरिन की (एका टेबलातला आयडी दुसऱ्या टेबलात खरंच आहे ना, हे तपासणारा नियम) सध्या लावू नका. डेटा भरा, नंतर बघू.

जुना फॉक्सवाला:
नंतर कोण बघतंय! डेटा भरून झाला की लगेच फॉरिन की लावा, 'नॉट व्हॅलिड' लिहून. जुनी रेकॉर्डं तपासली जात नाहीत, नवं चुकीचं मात्र अडतं. साफसफाई उरकली की 'व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट'. आणि फॉरिन कीच्या रकान्यावर इंडेक्स (शोध वेगात व्हावा म्हणूनची सूची) पोस्टग्रेस आपणहून करत नाही, तो तुम्हीच करा.

रामबागकर:
काका, नुसती नावं असलेल्या जामीनदारांचं काय? नाव जुळवून जोडून टाकू?

जुना फॉक्सवाला:
अजिबात नको. रामबागेत सौ. काळे काय एकच आहेत? कर्ज थकलं तर वसुलीची नोटीस भलत्याच बाईंच्या दारात जाईल. मधल्या टेबलात व्यक्तीचा आयडी नल (रिकामा) ठेवा, जुना मजकूर शेजारच्या रकान्यात जसाच्या तसा. नल येणार, म्हणून त्या टेबलाला कर्ज-व्यक्ती अशी जोडीची प्रायमरी की चालणार नाही, स्वतंत्र आयडी द्या. मग नल असलेल्यांची यादी छापून मॅनेजरसाहेबांना द्या. कर्जाच्या फाइलीत जामीनपत्र असतं, त्यावर सही आणि पत्ता मिळेल.