नोकियाचे तीन कारखाने

"इथला कारखाना गेला तरी दुसऱ्या देशातल्या गरिबाला काम मिळतंच, म्हणजे एकूण हिशेब जुळला" असं कारखाने परदेशी हलवण्याच्या चर्चेत एकांनी लिहिलंय. मला हे पटत नाही. मोबाइल फोन बनवणाऱ्या नोकियाचं उदाहरण बघा.

जानेवारी २००८ मध्ये कंपनीने जर्मनीतल्या बोखुमचा कारखाना बंद करून काम रुमानियात क्लुजजवळ न्यायचं जाहीर केलं. बोखुममध्ये सुमारे २३०० कायम कामगार होते, कंत्राटी वेगळे. कंपनी तेव्हा भरपूर नफ्यात होती आणि याच कारखान्यासाठी तिने सरकारी अनुदान घेतलं होतं! हजारो लोक रस्त्यावर उतरले. कारखाना वाचला नाही, पण कामगारांच्या बाजूने नेटाने वाटाघाटी झाल्या म्हणून २० कोटी युरोंची भरपाई तरी पदरात पडली.

आणि क्लुजला काय मिळालं? सप्टेंबर २०११ मध्ये तोही कारखाना बंद करायची घोषणा झाली, काम आशियाकडे वळलं. म्हणजे ज्यांच्या फायद्याचा दाखला दिला जातो, त्यांनाही जेमतेम तीन-चार वर्षं.

पुढे आपल्याकडचा, तमिळनाडूत चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना. आसपासच्या खेड्यांतल्या किती मुलींचा तो पहिला पगार होता! मायक्रोसॉफ्टने नोकियाचा मोबाइल धंदा विकत घेतला, पण करवादामुळे हा कारखाना त्या सौद्यातून बाहेर राहिला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला.

म्हणून जमीन, वीज, करसवलत देतानाच सरकारने लेखी अट घालावी: ठरलेल्या मुदतीआधी गेलात तर सवलत परत करा, आणि भरपाईत कंत्राटी कामगारही धरा.