मदत हवी आहे : सप्त्यात महाराजांचा कॉलर माईक मधीच तुटायलाय, काय करावं?

भोंगेवाला (धागा टाकणारा)

राम राम मंडळी. गाव गंगाखेड तालुक्यातलं. कालपासून सप्ता बसलाय आणि साउंडचं काम दरवर्षीप्रमाणं माझ्याच गळ्यात. मी काय साउंडवाला न्हाई, माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, पण गावात ज्याच्या खिशात टेस्टर तो सगळ्याच वायरींचा डॉक्टर.

जुना माईक एकाच फ्रिक्वेन्सीचा होता, चॅनेल बदलायची सोयच न्हाई. मागच्या साली हरिपाठ रंगात आला आणि आमच्या भोंग्यातून पलीकडच्या मंगल कार्यालयातला माणूस बोलायला लागला, "नवरीच्या मामांनी लवकर स्टेजवर यावं". बायका हसून लोळायच्या राहिल्या. म्हणून यंदा लोकवर्गणीतून नवा यूएचएफ (चॅनेल बदलता येणारा वायरलेस) सेट घेतला. एक रिसीव्हर, त्याच्यावर दोन माईक, एक कमरेला अडकवायचा ट्रान्समीटर (कॉलर माईकवाला) आणि एक हातातला.

आता त्रास सांगतो. दुपारी रिकाम्या मंडपात टेस्ट केलं, मी स्वतः बोलत बोलत पार मारुतीच्या देवळापर्यंत गेलो, आवाज एकदम क्लीन, आणि रात्री पाचशे माणूस बसल्यावर तोच माईक तुटायला लागला, महाराज टाळकऱ्यांकडं वळले की फस्स, परत समोर आले की चालू. चढ्या चालीत आवाज फाटायलाय, अँप्लिफायर कमी केला तर बारीक झाला पण फाटायचा तसाच फाटतोय. त्यात तासाभरात सेल संपले, ऐन अभंगात, महाराज म्हणले "माऊली, पांडुरंगाला रेंज न्हाई का आज". लोक हसले, माझं तोंड बघण्यासारखं झालं. आणि शेवटचं, सूचना द्यायला कुणी हातातला माईक चालू केला की दोन्ही माईक बंद पडल्यागत होतेत आणि भोंग्यातून घर्रर्र आवाज.

दुकानदाराला फोन लावला तर म्हणतो तुमच्या गावात टॉवर लई जवळ आहे. टॉवर काय काल बसवला का? दुपारी पण तिथंच होता की तो. रात्री १० ला भोंगे बंद करावे लागतेत म्हणून कीर्तन ८ ते १०, त्यातली वीस मिनिटं काल माझ्यामुळं गेली. अजून सहा कीर्तनं हायेत. लवकर सांगा.

टाळकरी_नांदेड

सेल कोणते घातलेत ते आधी सांगा. आणि मामा शेवटी स्टेजवर आले का?

भोंगेवाला

पेन्सिल सेल, किराणा दुकानातले, भिंतीच्या घड्याळात घालतेत ते. नवेकोरे होते पण. मामाचं म्हायीत न्हाई.

मंडपवाला_उदगीर

दादा, घाबरू नका, सेट चांगला दिसतोय. मी वीस वर्षं मंडप-साउंड करतोय, ह्यातली एकूण एक चूक माझ्या हातून झालेली आहे.

सेल. घड्याळाला करंट नखाएवढा लागतो म्हणून तिथं ते साधे सेल वर्ष काढतेत, ट्रान्समीटर सतत ओढतो, त्याच्यात ते टिकत न्हाईत. अल्कलाइन लिहिलेलेच घ्या आणि रोज कीर्तनाआधी नवे टाका, कालचे उरलेले घरी टॉर्चला वापरा. चार्जिंगचे चालतेत पण ते १.५ न्हाई तर १.२ व्होल्टचे असतेत, त्यामुळं डिस्प्लेवर पहिल्यापासून एक दांडी कमी दिसू शकती, तेवढ्यानं घाबरायचं न्हाई.

आवाज फाटायचं कारण अँप्लिफायर न्हाई. तुम्हीच लिहिलंय की कमी केला तरी फाटतोय, म्हणजे तो अँप्लिफायरच्या आधीच, ट्रान्समीटरमधीच फाटून निघायलाय. फाटलेलं धोतर लांबून बघितलं म्हणून शिवलेलं दिसत न्हाई. सेलचं झाकण उघडा, आत बारीक स्क्रू असंल न्हाईतर मेनूत गेन किंवा सेन्सिटिव्हिटी (माईक आवाज किती जोरात उचलतो ते) असंल, ते फुल असणार. कमी करा. आणि आपले लोक "हॅलो हॅलो माईक टेस्टिंग" म्हणून सेट करतेत ना, तिथंच गणित चुकतं. हॅलो म्हणायचा आवाज कुठं आणि चढ्या सुरातला विठ्ठल कुठं. महाराजांना विनंती करा, सगळ्यात वरच्या पट्टीतलं एक कडवं म्हणून दाखवा म्हणावं, तेव्हा पीकचा (आवाज हद्दीला टेकल्याचा) लाल लाईट जराच लुकलुकला पाहिजे, पेटून राहिला नाही पाहिजे. मग जो आवाज कमी पडंल तो मिक्सरवर वाढवा.

आता तुटायचं. रिसीव्हर कुठं ठेवलाय? आणि ट्रान्समीटरची ती लोंबणारी वायर कशी आहे, फोटो टाका.

भोंगेवाला

फोटो चढंना, रेंज न्हाई (हसू नका). रिसीव्हर साउंडच्या टेबलाखाली, धुरळा बसतो म्हणून लोखंडी पेटीत, झाकण अर्धं उघडं. टेबल मंडपाच्या मागच्या टोकाला, स्टेजपासून शंभरएक फूट. आणि ती वायर लोंबकळत होती, बरी दिसंना म्हणून मी व्यवस्थित वेटोळं करून त्याच्यावर टेप मारलाय. रिवायंडिंगची सवय.

मंडपवाला_उदगीर

अरे देवा.

अंबाजोगाईकर_पुणे

हाहा. दादा, ती वायर म्हणजेच अँटेना आहे, तुम्ही तिची कॉइल करून टाकली. तिची लांबी फ्रिक्वेन्सीच्या हिशोबानं ठरवलेली असते, ५३० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण १४ सेंटीमीटर येते. वेटोळं केलं की तो हिशोबच संपला. टेप काढा, वायर सरळ खाली लोंबू द्या आणि अंगाला चिकटू देऊ नका. कुणी तांब्याची वायर जोडून लांब करा म्हणून सांगितलं तर तेही करू नका.

माणसाच्या अंगात बहुतेक पाणीच असतं आणि ह्या फ्रिक्वेन्सीला पाणी म्हणजे भिंत. दुपारी मंडप रिकामा होता, रात्री तुमच्या पेटीच्या आणि महाराजांच्या मधे पाचशे भिंती येऊन बसल्या. शिवाय महाराजांची स्वतःची एक, ते वळले की ट्रान्समीटर त्यांच्या अंगाआड जातो. आणि रिसीव्हर लोखंडी पेटीत म्हटल्यावर दुपारी चाललं हेच नवल.

रिसीव्हर पेटीतून काढा, स्टेजच्या बाजूला माणसांच्या डोक्याच्या वर येईल असा बांधा, दोन्ही अँटेना इंग्रजी व्ही सारख्या उघडून. तिथून मिक्सरपर्यंत लांब केबल ओढा. वायरलेस फक्त महाराजांना वळता-फिरता यावं म्हणून आहे, शंभर फुटांचं अंतर कापायला केबल आहे की.

घर्रर्र आवाजाचं माझ्या मते असं, दोन्ही ट्रान्समीटर एकाच चॅनेलवर सिंक झालेत, म्हणजे रिसीव्हरशी जुळवले गेलेत. एका चॅनेलवर एकच ट्रान्समीटर चालतो, दोन बोलायला लागले की रिसीव्हर दोघांच्या भांडणात घुरघुरतो. रिसीव्हरला दोन माईकसाठी ए आणि बी अशा दोन बाजू असतात, ए बाजूला चॅनेल स्कॅन करून मोकळा घ्या, फक्त कॉलरवाला चालू ठेवून सिंक दाबा, रिसीव्हरच्या सिंकच्या खिडकीसमोर ट्रान्समीटरची खिडकी, वीतभर अंतर. मग तो बंद करून बी बाजूला वेगळा चॅनेल घ्या आणि हातातला सिंक करा. आणि स्कॅन करताना तुमचे दोन्ही माईक बंद पाहिजेत, नाहीतर तो तुमच्याच माईकला परका समजून टाळेल.

टॉवरचं म्हणाल तर लेबल बघा. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाईलला विकला गेला, ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३. सेट त्यात असता तर दुकानदाराच्या बोलण्यात तथ्य असतं, आणि टॉवरपेक्षा मंडपातले मोबाईलच जास्त त्रास देतात.

भोंगेवाला

लेबलवर ५१८ ते ५४२ आहे. म्हणजे दुकानदारानं गुंडाळलं मला. मी वायर गुंडाळली, त्यानं मला.

टाळकरी_नांदेड

एक राहिलं. कीर्तनात महाराज नाचतेत, कमरेला हात लागून स्विच बंद होतो. लॉक टाका. घाम लई असंल तर ट्रान्समीटर झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घाला, प्लॅस्टिकनं रेंजला काय होत न्हाई. आणि माईक उपरण्याला लावू नका, घासल्याची खसखस येती, बाराबंदीला लावा आणि वायरीचा एक छोटा फास ठेवून चिकटपट्टी मारा.

भोंगेवाला (दुसऱ्या दिवशी, रात्री ११:४०)

मंडळी, जमलं. रिसीव्हर स्टेजच्या डाव्या खांबाला सात-आठ फुटांवर बांधला, केबल गोठ्याच्या बाजूनं फिरवून आणली, अँटेनाची वायर मोकळी. ट्रान्समीटर महाराजांच्या डाव्या कमरेला, म्हणजे खांबाच्याच बाजूला. गेन फुलवर होता, बराच खाली आणला, महाराजांनी दुपारी एक कडवं म्हणून दिलं, माणूस लई मोठ्या मनाचा. सिंक नव्यानं केलं, घर्रर्र गेलं. शेवटी पाचशे माणूस उभं राहून विठ्ठल विठ्ठल करायला लागलं तेव्हा मी रिसीव्हरच्या लाईटकडंच बघत होतो, एकदा पण हालला न्हाई. दोन तास झाले तरी सेलच्या दोन दांड्या शिल्लक. मृदंगाचा आवाज थोडा कॉलरमधी येतोय पण तेवढं चालतंय.

फक्त एक घोटाळा झाला. मी लॉक टाकला होता. कीर्तन झाल्यावर महाराज मागं चहाला गेले, त्यांनी स्विच दाबला पण लॉकमुळं बंद झाला न्हाई, आणि दहा वाजायच्या जरा आधी अख्ख्या गावानं भोंग्यावर ऐकलं, "पिठलं कुणी केलं होतं आज? पार गिळवंना". आज पंगत ज्यांच्याकडं होती ते पहिल्याच रांगेत बसलेले. त्यांच्या घरची माणसं आता माझ्याशी बोलंनात, महाराजांशी बोलायलेत. लॉक काढू का ठेवू?

मंडपवाला_उदगीर

लॉक ठेवा. 'हेचि दान' संपलं की मिक्सरवर कॉलरचं बटन तुम्ही खाली ओढायचं, बंद करणं महाराजांचं काम न्हाई. तेवढा वेळ मोबाईल खिशात ठेवा आणि हात बटनावर.

भोंगेवाला

तेव्हा मी तुम्हालाच धन्यवादाचा मेसेज टायपायलो होतो.