पोटातल्या त्या दोन इंजेक्शनांबद्दल

ताई, तुमच्या वहिनींच्या टमी टकसाठी (पोट सपाट करायच्या ऑपरेशनसाठी) भूलतज्ज्ञांनी पोटाच्या दोन्ही कडांना ब्लॉक, म्हणजे नसा बधिर करणारं इंजेक्शन, सुचवलाय आणि वर एकांनी ते बिल वाढवायचं काम म्हटलंय. मी कोल्हापुरात भूलच देते. मला हे अजिबात पटत नाही.

या ऑपरेशनात नुसती कातडी कापत नाहीत, सैल पडलेले स्नायू मधोमध टाके घालून आवळतात. खरी कळ तिथली. खोकला आला, कूस बदलली की पेशंट उशी पोटाशी धरून श्वास रोखतो. पोटाच्या भिंतीच्या नसा आतल्या दोन स्नायूंच्या थरांमधून जातात. टॅप ब्लॉकमध्ये सोनोग्राफीवर सुई बघत तिथे औषध सोडतात. थर अलग होऊन काळी फट उघडताना स्क्रीनवर स्पष्ट दिसते. टॅप ब्लॉक २००१ पासून माहीत आहे. यामुळे मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात, उलट्या कमी होतात आणि माणूस लवकर चालतो. पायात गुठळी होऊ नये म्हणून ते चालणं फार महत्त्वाचं.

असर साधारण अर्धा दिवस, कधी थोडा जास्त. म्हणून पॅरासिटामॉल वेळेवर चालूच ठेवायचं, दुखायची वाट बघायची नाही.

एक मात्र आवर्जून विचारा: सोबत लायपोसक्शन, म्हणजे चरबी ओढून काढणं, आहे का? त्यासाठी चरबीत सोडतात त्या पाण्यातही बधिर करणारं औषध, लिग्नोकेन, असतं. दोन्हींचा डोस एकत्र, वजनावर मोजावा लागतो. जास्त झाला तर झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. त्यावरचा उतारा, लिपिड इमल्शन, थिएटरमध्ये ठेवलाय ना, हेही बिनधास्त विचारा.