श्रावण पाळायला दारू सोडली आणि दादाला फिट आली, आता पुढे काय करू? (भोसरी/हडपसर)

हडपसरची_ताई:
नमस्कार, थोडं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. माझा दादा ३८ वर्षांचा, भोसरीला राहतो, वर्कशॉपमध्ये सीएनसीवर आहे. मी हडपसरला. दहाबारा वर्षं पितोय, आधी शनिवार-रविवार, लॉकडाऊननंतर रोज, आणि आता गेले वर्षभर सकाळी तोंड धुवायच्या आधी क्वार्टर लागते नाहीतर हात थरथरतात, चहाचा कप पण धरता येत नाही. पण तो दरवर्षी श्रावण पाळतो. पूर्ण महिना थेंब नाही. म्हणून आई सगळ्यांना सांगते की माझा मुलगा बेवडा नाही, मनात आणलं की सोडतो.

या वर्षी पण गटारीला भरपूर प्यायला आणि दुसऱ्या दिवसापासून बंद. पहिल्या दिवशी नुसता घाम आणि उलट्या, दुसऱ्या दिवशी रात्री बाथरूममध्ये पडला, डोळे फिरले, तोंडाला फेस, जीभ चावली गेली. शुद्धीवर आला पण नंतर भिंतीवर मुंग्या चालतायत म्हणून हाताने झटकत बसला. आईला वाटलं बाहेरचं काहीतरी आहे, तिने दृष्ट काढली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ग्लुकोजची बाटली लावली आणि अशक्तपणा आहे म्हणाले. शेवटी शेजारच्या काकांनी थोडी पाजली आणि तो शांत झाला, ते आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. आता परत रोज चालू आहे.

वहिनीचे वडील म्हणतात आळंदीला नेऊन माळ घाला. मामा म्हणतो रात्री गाडी पाठवून उचलून नेणारं सेंटर आहे, तिथे टाका. तीन वर्षांपूर्वी एकदा असंच केलं होतं, चार माणसं आली, दादाला लुंगीवर उचलून नेलं. दोन महिने भेटू दिलं नाही. परत आला तेव्हा पाठीवर वळ होते, आणि त्याच संध्याकाळी प्यायला. तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही कारण फॉर्मवर सही माझी होती. मला परत ते करायचं नाही. पण करू काय? खर्च किती येतो, सरकारीमध्ये होतं का, कुणी अनुभवातून सांगेल का प्लीज.

ओपीडीतला_रेसिडेंट:
ताई, मी मानसोपचारात एमडी करतोय, आधी महत्त्वाचं सांगतो. ती फिट दारूमुळे नाही, दारू एकदम बंद केल्यामुळे आली. रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूला धरून चालायला शिकलेला असतो, ती अचानक काढली की मेंदू प्रचंड उत्तेजित होतो. फिट साधारण ६ ते ४८ तासांत येते. मुंग्या दिसणं, माणसं ओळखू न येणं, ताप, बडबड हे दुसऱ्या ते चौथ्या दिवसात वाढत जाऊ शकतं आणि त्यात माणूस जाऊ शकतो, खरंच जातो. आणि एकदा फिट आली की पुढच्या वेळी सोडताना परत यायची शक्यता जास्त. मागचे श्रावण निभावले म्हणून पुढचाही निभावेल असं अजिबात धरू नका.

म्हणून घरी एकदम बंद करायला लावू नका. शपथ नको, कोंडून ठेवणं नको. डॉक्टरच्या देखरेखीखाली बंद करायची, गोळ्या देऊन आणि त्या रोज कमी करत, साधारण आठवडाभराचं काम असतं. सोबत थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व द्यावंच लागतं, आणि ते ग्लुकोजच्या आधी. नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं बी-१ पण संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पुढच्या वेळी कुणी बाटली लावायला निघालं तर हे बोला, लाजू नका. तो पडला होता म्हणजे डोक्याला मार लागलाय का तेही तपासून घ्या.

भोसरीहून पिंपरीचं वायसीएम हॉस्पिटल जवळ, नाहीतर ससूनच्या मानसोपचार ओपीडीला या. येरवड्याचं मनोरुग्णालय पण आहे, नाव ऐकून घाबरू नका. दादा कंपनीत आहे तर ईएसआय कार्ड (कामगार विमा) आहे का बघा, खर्चाचा मोठा भाग सुटेल. आणि जेवणात गुपचूप मिसळायची पावडर किंवा गोळी कुणी विकली तर घेऊ नका. त्यात डायसल्फिरम असेल, म्हणजे दारूसोबत पोटात गेलं की जोरात त्रास होणारं औषध, आणि तो वर प्यायला तर जिवावर बेततं. ती गोळी पेशंटला सांगूनच, त्याच्या मर्जीने आणि तपासण्या करून द्यायची असते.

नऊ_वर्षं_झाली:
ताई तुमच्या दादाच्या जागी मी होतो. फरक एवढाच की मी श्रावणाऐवजी नवरात्र पाळायचो. ते नऊ दिवस माझ्यासाठी सर्टिफिकेट होतं, बायको काही बोलली की मी तेच तोंडावर मारायचो. दहाव्या दिवशी सकाळी दुकानाच्या दारात उभा.

मी येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहिलो, ३५ दिवस. १९८६ पासूनचं आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पुलंनी सुरुवातीला मदत केली होती, आता मुक्ताताई पुणतांबेकर बघतात. मारहाण नाही, कोंडणं नाही. सकाळी उठून झाडू मारायचा, प्राणायाम, गट, समुपदेशन, आणि सगळ्यात जास्त काय लागलं तर तिथले समुपदेशक आणि कार्यकर्ते, त्यातले बरेच स्वतः त्यातून बाहेर आलेले. त्यांच्यापुढे खोटं बोलताच येत नाही, आपल्या सगळ्या थापा त्यांनी आधी मारून झालेल्या असतात. फीचं मी माझ्या वेळचं सांगून उपयोग नाही, फोन करून विचारा, आणि परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

एक खरं सांगतो, बाहेर आल्यावर चार महिन्यांनी मी परत प्यायलो. लाज वाटून फॉलोअपला जाणं बंद केलं, तिथेच माझी चूक झाली. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा कुणी तोंड फिरवलं नाही. त्यानंतर मात्र एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगा धरल्या, पुण्यात मराठीत चालतात, पैसे लागत नाहीत. माळेबद्दल मी वाईट बोलणार नाही, माझ्या ओळखीत माळेने टिकलेले दोघं आहेत. पण आधी डॉक्टर, मग माळ. अंगातून दारू सुरक्षित उतरली पाहिजे.

शिवाजीनगर_कोर्टातून:
उचलून नेण्याबद्दल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जशी संबंधित मानसिक अवस्थाही येतात. माणसाची मर्जी नसताना दाखल करायचं तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा (पेशंटच्या वतीने निर्णयात मदत करणारा, कायद्याने मानलेला माणूस) अर्ज लागतो, दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच हवा, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका अशी परिस्थिती लागते. तेही जास्तीत जास्त ३० दिवस, पुढे ठेवायचं तर वेगळी प्रक्रिया. चार माणसं, एक गाडी आणि बहिणीची सही यात बसत नाही. कुठल्याही सेंटरला आधी विचारा, नोंदणी कुठली आहे, डॉक्टर रोज येतो का, घरच्यांना कधी भेटता येतं. भेटू देत नाहीत म्हटलं की तिथून निघा. आणि याच कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलंय, मेडिक्लेम असेल तर पॉलिसी वाचा.

कात्रजचा_बाप:
धाग्यात घुसतोय, माफ करा. माझ्या मुलाचं वय २० आणि दारू नाही, एमडी म्हणजे मेफेड्रोन ड्रग. २०२४ ला कुरकुंभच्या कारखान्याची बातमी आली तेव्हा हे आपल्या घरापर्यंत येईल असं डोक्यात पण नव्हतं. चारचार रात्री झोपत नाही, मग दोन दिवस मेल्यासारखा पडून असतो. पोलिसांच्या भीतीने कुठे नेलं नाही.

ओपीडीतला_रेसिडेंट:
काका, न्या. उपचाराला येणाऱ्याची माहिती आम्ही पोलिसांना देत बसत नाही. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४अ आहे, फक्त सेवनाची किंवा अल्प प्रमाणाची केस असेल आणि माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. एमडीवर दारूसारखी ठरलेली गोळी नाही, समुपदेशन आणि झोप, उदासीनता यांचे उपचार. तो पडून असतो त्या दोन दिवसांत एकटा सोडू नका, जिवाचे विचार त्याच वेळी येतात. रात्री काही वाटलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात. व्यसनासाठी १४४४६ पण आहे.

ताई, एक आकडा तुमच्या आईला सांगा. २०१९ ला एम्सच्या देशभराच्या सर्व्हेचा रिपोर्ट आला, त्यात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं. बाकीच्या ३७ घरांत शपथ, अंगारा, मारहाण आणि श्रावणच चालू असतं. मी ओपीडीत बसतो तेव्हा दारूचे पेशंट बहुतेक कावीळ झाल्यावर किंवा फिट आल्यावरच आलेले बघतो, पंधरावीस वर्षं पिऊन झाल्यावर.

सहचरी_आहे_मी:
सगळं दादाचं चाललंय म्हणून लिहिते, वहिनीचं कोण बघतंय? मी मुक्तांगणच्या सहचरी गटात जायचे, पिणाऱ्यांच्या बायकांचा आहे. तोपर्यंत मी बाटल्या शोधायचे, ओतून द्यायचे, कंपनीत फोन करून त्यांना ताप आलाय म्हणायचे. ते थांबवायला मला वर्ष लागलं.

हडपसरची_ताई:
अपडेट देते. रविवारी सकाळी गेले, तो थोडा बरा असतो तेव्हा. आधी माफी मागितली त्या सहीबद्दल. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला मुंग्या खऱ्याच दिसत होत्या गं, मला वाटलं मी वेडा झालो. मी म्हटलं वेडा नाही, याला उपचार आहे, आणि इथला पहिला रिप्लाय वाचून दाखवला. काल वायसीएमला गेलो, दाखल करून घेतलंय. मी मुद्दाम बी-१ विचारलं, चालू आहे म्हणाले. आई अजून श्रावण मोडला म्हणून रडतेय. इथून सुटल्यावर मुक्तांगणला विचारणार आहे, तो हो म्हणालाय पण उद्या काय म्हणेल माहीत नाही. वहिनीने विचारलंय, दादा नाहीच म्हणाला तरी तिला एकटीला त्या गटात येता येईल का?

सहचरी_आहे_मी:
मी पहिल्यांदा एकटीच गेले होते, हे घरी पिऊन झोपले होते. तिला सांग आधी फोन करून वार-वेळ विचारून घे, आणि संकोच वाटत असेल तर मला मेसेज कर, मी येईन तिच्यासोबत.